जॅक्सन विरुद्ध बँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासात ‘बँक वॉर’ नावाचं एक प्रकरण आहे. तोफ एकही उडाली नाही, तरी त्यात एक अर्थमंत्री घरी गेला, एक नवा पक्ष जन्माला आला आणि देशातली सगळ्यात मोठी बँक संपली. त्याबद्दल जे प्रश्न नेहमी येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. क्रम साधारण काळानुसार आहे. घाईत असाल तर थेट नकाराधिकाराच्या प्रश्नाकडे जा.

नेमकं भांडण कशावरून होतं?

सरकारचा सगळा पैसा एका खासगी मालकीच्या बँकेकडे असावा का आणि ही मुभा देशात तिला एकटीलाच असावी का, यावरून. ‘सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ हे तिचं नाव आणि फिलाडेल्फियातल्या चेस्टनट स्ट्रीटवर तिचं मुख्यालय. एका बाजूला देशाचे सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन, दुसऱ्या बाजूला बँकेचा अध्यक्ष निकोलस बिडल. १८३२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बँकेची सनद (मुदतीचा सरकारी परवाना) वाढवण्याचं विधेयक मंजूर केलं आणि जॅक्सनने ते नाकारलं. पुढच्या वर्षी त्याने सरकारी ठेवी तिथून हलवल्या. १८३६ मध्ये सनद संपली.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. जॅक्सनने विचारलेला प्रश्न योग्य होता: एवढी ताकद असलेली संस्था कोणाला जबाबदार? त्याचं उत्तर मात्र त्याच्यापाशी नव्हतं. त्याने बँक मोडली आणि तिच्या जागी काय आणायचं ते ठरवलंच नाही.

‘सेकंड’ बँक म्हणता, तर पहिली कुठे गेली?

पहिली बँक १७९१ ची. पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याची ती कल्पना. भांडवल १ कोटी डॉलर, सनद २० वर्षांची. थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांनी तेव्हाच विरोध केला होता: राज्यघटनेत काँग्रेसला बँक काढण्याचा अधिकार कुठे लिहिलाय, ते दाखवा. जॉर्ज वॉशिंग्टनने दोन्ही बाजूंची लेखी मतं मागवली, वाचली आणि विधेयकावर सही केली.

१८११ मध्ये सनद संपत आली तेव्हा सिनेटमध्ये १७ विरुद्ध १७ अशी बरोबरी झाली. उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनने विरोधात मत टाकलं आणि बँक बंद पडली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटलं. सरकारला कर्ज उभारताना नाकी नऊ आले, राज्याराज्यांतल्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. मग १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेच्या सनदेवर सही कोणी केली? त्याच मॅडिसनने. आता तो अध्यक्ष होता आणि रिकामा खजिना त्याने स्वतः पाहिला होता.

ही बँक सरकारी होती की खासगी? आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी म्हणायची का?

दोन्हींच्या मधली. भांडवल साडेतीन कोटी डॉलर. त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी सगळा खासगी भागधारकांचा. २५ संचालकांपैकी ५ जण देशाचे अध्यक्ष नेमत, २० भागधारक निवडत. सरकारचा महसूल तिच्याकडे जमा व्हायचा, सरकारची देणी ती चुकती करायची आणि तिच्या नोटा करभरणीसाठी देशात कुठेही चालत. हे सगळं सांभाळून ती व्यापाऱ्यांना कर्ज द्यायची, हुंड्या वटवायची, नफा कमवायची आणि लाभांश वाटायची.

त्यामुळे आजच्या रिझर्व्ह बँकेपेक्षा १८४० मध्ये सुरू झालेली बँक ऑफ बॉम्बे तिला जास्त जवळची. तिथेही भागधारक खासगी होते, सरकारचा हिस्सा होता, संचालक मंडळावर सरकारी माणसं होती आणि १८६१ पर्यंत ती स्वतःच्या नोटा काढत असे. फरक पसाऱ्याचा. फिलाडेल्फियाच्या बँकेच्या शाखा बॉस्टनपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत पसरल्या होत्या.

त्या काळात अशा बँकेची गरज काय होती?

तेव्हाच्या अमेरिकेत सरकार नोटा छापत नव्हतं. नाणी पाडत होतं, पण ती पुरत नसत, म्हणून स्पॅनिश आणि मेक्सिकन चांदीचे डॉलर सर्रास चालत. नोटा काढायच्या त्या राज्यांनी परवानगी दिलेल्या शेकडो बँकांनी, प्रत्येकीने आपापल्या. ओहायोतल्या बँकेची पाच डॉलरची नोट न्यूयॉर्कच्या दुकानदारापुढे ठेवली तर तो ती पाचाला घेईलच असं नाही. बँक किती लांबची, तिची पत कशी, हे बघून तो बट्टा कापायचा. कोणती नोट खरी, कोणती खोटी आणि कोणती बुडीत बँकेची, हे सांगणारी नियतकालिकं निघत आणि व्यापारी ती गल्ल्याशेजारी ठेवत.

या गोंधळात मोठ्या बँकेचा एक उपयोग होता आणि तो तिच्या सनदेत लिहिलेलाही नव्हता. देशभरातला कर तिच्याकडे जमा व्हायचा, त्यात राज्यातल्या बँकांच्या नोटा ढिगाने यायच्या. त्या नोटा ती ज्या त्या बँकेकडे पाठवायची: घ्या तुमच्या नोटा, द्या चांदी. आपल्या तिजोरीत नाही इतक्या नोटा बाजारात सोडलेल्या बँकेला हा तगादा झोंबायचा, त्यामुळे बाकीच्या बँका हात आखडून नोटा छापत. आज आपण ज्याला पतनियंत्रण म्हणतो ते काम अशा रीतीने जवळजवळ आपोआप होत होतं.

बिडलला हे नीट कळलेलं होतं. तुमच्या बँकेने कधी राज्यातल्या बँकांवर दडपण आणलं का, असं सिनेटच्या समितीने विचारलं तेव्हा त्याने दिलेल्या उत्तराचा आशय असा: आमच्या ताकदीने मोडता आली नसती अशी बँक क्वचितच सापडेल, पण आम्ही कोणालाही इजा केलेली नाही. आपल्या संयमाचा दाखला म्हणून तो हे बोलला. विरोधकांनी त्यातला पहिला भागच लक्षात ठेवला आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

हा निकोलस बिडल कोण?

फिलाडेल्फियाच्या बड्या घराण्यातला हुशार मुलगा. पंधराव्या वर्षी प्रिन्स्टनचा पदवीधर, पुढे साहित्यविषयक नियतकालिकाचा संपादक. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेच्या टिपणांना पुस्तकाचं रूप देण्यातही त्याचा मोठा वाटा होता. १८२३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो बँकेचा अध्यक्ष झाला. विल्यम स्ट्रिकलंडने आराखडा केलेली, अथेन्सच्या पार्थेनॉनच्या धर्तीवरची संगमरवरी इमारत पुढच्याच वर्षी पूर्ण झाली. बँक त्याने उत्तम चालवली. राजकारण मात्र त्याला अजिबात कळत नव्हतं आणि आपल्याला ते कळतं अशी त्याची खात्री होती.

जॅक्सनचा बँकेवरचा राग वैयक्तिक होता का?

बराचसा, हो. १७९५ मध्ये टेनेसीतल्या तरुण जॅक्सनने डेव्हिड ॲलिसन नावाच्या व्यापाऱ्याला जमीन विकली. मोबदल्यात रोख न घेता त्याच्या वचनचिठ्ठ्या घेतल्या, आणि त्यावर सह्या करून त्या फिलाडेल्फियात मालाच्या खरेदीसाठी पुढे दिल्या. ॲलिसनचं दिवाळं वाजलं, तेव्हा सही जॅक्सनची म्हणून वसुली त्याच्याकडे आली. ते कर्ज निस्तरायला त्याला कित्येक वर्षं लागली. कागदावरच्या पैशाबद्दलची त्याची भीती तेव्हापासूनची.

पुढे १८१९ ची मंदी आली. सुरुवातीला हात सैल सोडून कर्जं देणाऱ्या दुसऱ्या बँकेने अचानक वसुली सुरू केली. पश्चिमेकडच्या राज्यांत शेतं आणि घरं लिलावात गेली. बँक वाचली, कर्जदार बुडाले, असं तिथल्या लोकांच्या मनात पक्कं बसलं.

१८२९ मध्ये बिडल जॅक्सनला भेटायला गेला तेव्हा जॅक्सन त्याला म्हणाला, की मला तुमची बँक इतर बँकांपेक्षा जास्त नावडते असं नाही, पण साउथ सी बबलचा (१७२० मध्ये इंग्लंडमध्ये फुटलेल्या शेअरच्या सट्ट्याचा) इतिहास वाचल्यापासून मला बँकांची भीती वाटते. बिडलने हे स्वतः टिपून ठेवलंय. एवढं ऐकूनही हा माणूस सनद वाढवून देईल असं त्याला वाटत राहिलं, याचं नवल वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाने बँक घटनात्मक ठरवली होती ना? मग अध्यक्षांचा आक्षेप कसा टिकतो?

बरोबर. १८१९ च्या मॅककलक विरुद्ध मेरीलँड खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शलच्या न्यायालयाने एकमताने सांगितलं, की काँग्रेस बँक स्थापू शकते आणि राज्यं तिच्यावर कर लावू शकत नाहीत. जॅक्सनचं म्हणणं असं, की काँग्रेस, अध्यक्ष आणि न्यायालय या तिघांनीही घटना पाळण्याची शपथ घेतलेली असते आणि प्रत्येकाने ती आपल्या समजुतीप्रमाणे पाळायची. न्यायालयाने कायदा वैध म्हटला म्हणून मी त्यावर सही केलीच पाहिजे, असं होत नाही.

वकिलांना हे तेव्हाही पटलं नाही, आजही अनेकांना पटत नाही. तरी विधेयकावर सही न करण्यासाठी घटनेचा आधार घेणं हा अध्यक्षांचा हक्कच आहे. न्यायालयाचा निकाल धुडकावणं वेगळं. त्या भागात जॅक्सनचा इतिहास फारसा चांगला नाही, पण या प्रकरणात तो मर्यादेत होता.

सनद १८३६ मध्ये संपणार होती. मग १८३२ मध्येच नूतनीकरणाची घाई का केली?

निवडणूक. सिनेटर हेन्री क्ले जॅक्सनविरुद्ध उभा राहणार होता. क्ले आणि डॅनियल वेबस्टरने बिडलला सांगितलं, आत्ताच अर्ज कर: जॅक्सनने सही केली तर काम फत्ते, नाही केली तर आम्हाला प्रचाराचा मुद्दा मिळाला. वेबस्टर सिनेटर होता आणि त्याच वेळी बँकेचा पगारी वकीलही. पुढच्या वर्षी, ऐन लढाईत, त्याने बिडलला लिहिलं, की माझं मानधन नेहमीप्रमाणे ताजं केलेलं नाही, आमचे संबंध राहावेत असं वाटत असेल तर ते पाठवून द्यावं. ते पत्र आजही उपलब्ध आहे. त्यानंतर बँक निष्पक्ष होती असं म्हणायला फार धीर लागतो.

सिनेटने ११ जून १८३२ रोजी २८ विरुद्ध २० मतांनी विधेयक मंजूर केलं, ३ जुलैला प्रतिनिधीगृहानेही. जॅक्सन तेव्हा आजारी होता. भेटायला आलेल्या मार्टिन व्हॅन ब्युरेनला (त्याच्या सहकाऱ्याला, जो पुढे अध्यक्ष झाला) तो म्हणाला, “बँक मला मारायला निघालीय, पण मीच तिला मारीन.”

नकाराधिकाराच्या संदेशात असं काय होतं?

१० जुलै १८३२ चा हा संदेश एकदा मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण त्याने अध्यक्षपदाची भाषाच बदलली. आधीच्या सहा अध्यक्षांनी मिळून १० वेळा नकाराधिकार वापरला होता आणि तो मुख्यतः घटनेच्या कारणासाठी. जॅक्सनने घटनेचा मुद्दा घेतलाच, शिवाय उघड सांगितलं की हा कायदा मुळात वाईट धोरण आहे. काँग्रेसला हे नवं होतं. संदेश लिहायला अमोस केंडल, ॲटर्नी जनरल रॉजर टॉनी आणि जॅक्सनचा भाचा व सचिव अँड्र्यू जॅक्सन डोनेलसन यांनी मदत केली. केंडल वर्तमानपत्रातून आलेला माणूस, ते भाषेत जाणवतं.

मुख्य मुद्दा मक्तेदारीचा. सनद वाढली की बँकेच्या समभागांचा भाव वाढणार, म्हणजे सरकार आधीच श्रीमंत असलेल्या भागधारकांना लाखोंची देणगी देणार. मग हा मक्ता लिलावात का काढत नाही? दुसऱ्या कोणाला संधी का नाही? दुसरा मुद्दा परदेशी मालकीचा. ८० लाख डॉलरहून अधिक समभाग परदेशीयांकडे, मुख्यतः ब्रिटिशांकडे होते. युद्ध झालं तर ही बँक कोणाची, असा त्याचा सवाल. हा मुद्दा जरा ताणलेला होता, कारण परदेशी भागधारकांना संचालकांच्या निवडणुकीत मतच नव्हतं. न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांना हरवलेल्या सेनापतीच्या तोंडी मात्र तो शोभला.

शेवटी आलं ते सगळ्यांच्या लक्षात राहणारं. श्रीमंत आणि बलवान लोक सरकारचे कायदे आपल्या स्वार्थासाठी वाकवतात. समाजात फरक राहणारच. बुद्धी, कष्ट, काटकसर यांतून कोणी पुढे जाणार. पण कायद्यानेच श्रीमंताला आणखी श्रीमंत आणि बलवानाला आणखी बलवान केलं, तर शेतकरी, कारागीर आणि मजुरांना तक्रार करण्याचा हक्क आहे.

बिडलला हा मजकूर इतका हास्यास्पद वाटला, की बँकेच्या खर्चाने त्याच्या हजारो प्रती छापून त्याने वाटल्या. लोक वाचतील आणि जॅक्सनवर हसतील, असा त्याचा हिशेब. लोकांनी वाचलं आणि त्यांना ते पटलं. सिनेटमध्ये नकाराधिकार उलटवण्याचा प्रयत्न २२ विरुद्ध १९ मतांवर अडला. दोन-तृतीयांश जमले नाहीत.

म्हणजे १८३२ च्या निवडणुकीत जनतेने बँकेविरुद्ध कौल दिला?

जॅक्सनने तसंच मानलं. निर्वाचक मंडळाची त्याला २१९ मतं, क्लेला ४९. लोकमतातला त्याचा वाटा मात्र चार वर्षांपूर्वीपेक्षा किंचित घटला होता. लोकांनी बँकेविरुद्ध मत दिलं, की बँकेचा मुद्दा असूनही जॅक्सनला मत दिलं, हे मतपेटीवरून ठरत नाही.

सरकारी ठेवी काढून घेणं कायदेशीर होतं का?

सनदेप्रमाणे ठेवी हलवण्याचा अधिकार अर्थमंत्र्याचा होता आणि कारणं त्याने काँग्रेसला कळवायची होती. अध्यक्षांचा त्यात उल्लेख नाही. तेव्हाचा अर्थमंत्री लुईस मॅकलेन ठेवी काढायला तयार नव्हता, म्हणून जॅक्सनने त्याला परराष्ट्र खात्यात पाठवलं. जागेवर आलेला विल्यम डुएन बँकेचा विरोधकच होता, पण त्याने सांगितलं, की काँग्रेसला विचारल्याशिवाय मी हे करणार नाही. राजीनामा देणार का? तोही नाही. २३ सप्टेंबर १८३३ रोजी जॅक्सनने त्याला काढून टाकलं आणि टॉनीला नेमलं. १ ऑक्टोबरपासून नवा महसूल बँकेत जमा होणं थांबलं, जुन्या शिलकेतून सरकार खर्च भागवू लागलं.

या सगळ्या प्रकरणात आम्हाला सगळ्यात जास्त आदर डुएनबद्दल वाटतो. बँक त्यालाही नको होती, पण ती संपवायची पद्धत कायद्याची हवी एवढंच त्याचं म्हणणं होतं. इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते.

टॉनीच्या नेमणुकीला सिनेटने १८३४ मध्ये नकार दिला. मंत्रिपदासाठी सुचवलेलं नाव फेटाळलं जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढे जॅक्सनने त्याला सरन्यायाधीश केलं. काळ्या लोकांना अमेरिकेचे नागरिक मानायला नकार देणारा १८५७ चा ड्रेड स्कॉटचा कुप्रसिद्ध निकाल देणारा टॉनी तो हाच.

बिडलने उत्तर कसं दिलं?

कर्ज आवळून. ठेवी गेल्या म्हटल्यावर थोडी आखणी बदलणं बँकेला भागच होतं, पण बिडलने गरजेपेक्षा फार जास्त पिळलं. १८३३-३४ च्या हिवाळ्यात व्यापारी बुडू लागले, कामगार बेकार झाले. बाहेर लोक हालात आहेत याचा पुरावा दिसल्याशिवाय काँग्रेसवर परिणाम होणार नाही, असं त्याने एका खासगी पत्रात लिहून ठेवलं. दुसऱ्या पत्रात म्हणतो: या अध्यक्षाला वाटतं, की आपण इंडियनांची (अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची) डोकी सोलली आणि न्यायाधीशांना कैद केलं म्हणून बँकेशीही हवं तसं वागता येईल, तो चुकतोय.

व्यापाऱ्यांची शिष्टमंडळं गाऱ्हाणी घेऊन व्हाइट हाउसवर जायची. जॅक्सनचं ठरलेलं उत्तर होतं: निकोलस बिडलकडे जा, पैसा त्याच्याकडे आहे.

बँकेचा खरा पराभव इथे झाला. एका खासगी माणसाच्या हाती देशाची नाडी आहे, हा आरोप तोवर वादाचा विषय होता. बिडलने तो सिद्ध करून दाखवला. पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जॉर्ज वुल्फ, बँकेचा घरचाच माणूस म्हणावा असा, तोही उलटला. १८३४ मध्ये बिडलला माघार घ्यावी लागली.

सिनेटने जॅक्सनचा निषेध केला होता, हे खरं का?

खरं. २८ मार्च १८३४ रोजी, क्लेच्या पुढाकाराने, २६ विरुद्ध २० मतांनी. असा ठराव अध्यक्षांविरुद्ध पहिल्यांदाच झाला. मिसुरीचा सिनेटर थॉमस हार्ट बेंटन याने तो पुसून टाकण्याचा चंग बांधला आणि जानेवारी १८३७ मध्ये ते करून दाखवलं. सिनेटच्या मूळ इतिवृत्तात त्या ठरावाभोवती काळ्या रेघा ओढल्या गेल्या. दरम्यान जॅक्सनविरोधक एकत्र येऊन व्हिग पक्ष तयार झाला होता.

बँकेतला पैसा कुठे गेला?

राज्यांतल्या निवडक बँकांकडे. सुरुवातीला सात, मग वाढत कित्येक डझन. विरोधक त्यांना जॅक्सनच्या ‘पाळीव बँका’ म्हणत. काही बँका चांगल्या होत्या, काहींची मुख्य लायकी सत्ताधारी पक्षाशी ओळख एवढीच.

नोटा छापणाऱ्यांना लगाम घालणारी बँक आता नव्हती. जॅक्सनला खणखणीत नाणी हवी होती, वाट्याला आला कागदाचा पूर. नव्या बँका निघाल्या, जमिनीचा सट्टा पेटला. सरकारी जमिनींच्या विक्रीचं उत्पन्न १८३४ मध्ये ५० लाख डॉलरच्या आत होतं, ते १८३६ मध्ये अडीच कोटींच्या घरात गेलं. जानेवारी १८३५ मध्ये राष्ट्रीय कर्ज संपूर्ण फिटलं. अमेरिकेच्या इतिहासात तेवढ्या एकाच वेळी. त्यानंतर पैसा इतका साचला, की काँग्रेसने जादा शिल्लक राज्यांना वाटून टाकण्याचा कायदा केला.

११ जुलै १८३६ रोजी जॅक्सनने ‘स्पेसी सर्क्युलर’ नावाचं परिपत्रक काढलं: यापुढे सरकारी जमिनीचे पैसे सोन्या-चांदीतच घेतले जातील. घोडा उधळल्यावर तबेल्याला कडी घालण्यातला हा प्रकार.

१८३७ ची मंदी जॅक्सनमुळेच आली ना?

शाळेच्या पुस्तकांत बराच काळ असंच शिकवलं गेलं: बँक मोडली, सट्टा माजला, परिपत्रक आलं, सगळं कोसळलं. १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांवर सोनं-चांदी देणं बंद केलं. व्हॅन ब्युरेनला अध्यक्ष होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, त्यामुळे फटका त्याला बसला.

आर्थिक इतिहासकारांनी हे चित्र नंतर बरंच बदललं. बँक ऑफ इंग्लंडने १८३६ मध्ये दोनदा व्याजदर वाढवला, ब्रिटिश भांडवल आटलं, कापसाचे भाव पडले, न्यू ऑर्लिन्सच्या कापूस व्यापाऱ्यांपासून पडझड सुरू झाली. त्याआधीच्या तेजीचं मूळही केवळ पाळीव बँकांमध्ये नव्हतं. देशात चांदीचा साठा वाढला होता, आणि तो का वाढला हे पाहायला गेलं की गोष्ट थेट मुंबईच्या बंदरापर्यंत येते.

अमेरिकन व्यापारी पूर्वी मेक्सिकोची चांदी चीनला नेऊन चहा-रेशीम आणत. १८३० च्या दशकात चीनमध्ये अफूची आयात एवढी वाढली, की चीनलाच चांदी बाहेर पाठवावी लागू लागली. ही अफू हिंदुस्थानातली: बंगालची कलकत्त्याहून, माळव्याची मुख्यतः मुंबईहून. अफूच्या व्यापाऱ्यांना लंडनवरच्या हुंड्या सोयीच्या होत्या, म्हणून अमेरिकन व्यापारी चांदीऐवजी त्या हुंड्या देऊ लागले. मेक्सिकोची चांदी मग अमेरिकेतच राहिली आणि तिच्या जोरावर बँकांनी नोटा वाढवल्या. अर्थतज्ज्ञ पीटर टेमिनने १९६९ मध्ये ही मांडणी केली. जॅक्सनला ती पूर्ण दोषमुक्त करते असं नंतरच्या अभ्यासकांना वाटत नाही. ठेवींची ओढाताण आणि शिलकेचं वाटप यांनी पूर्वेकडच्या बँकांची चांदी ऐन गरजेच्या वेळी हलली, असा त्यांचा मुद्दा. आम्हाला दोन्ही एकत्र वाचणं बरं वाटतं. आग त्याने लावली नाही, पण पाण्याची टाकी आधीच फोडून ठेवली होती.

जॅक्सन गरिबांचा कैवारी होता का?

गोऱ्या गरिबांचा, त्याच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे, हो. टेनेसीतल्या त्याच्या ‘हर्मिटेज’ मळ्यावर शंभराहून अधिक माणसं गुलाम म्हणून राबत होती. मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हटवणारा १८३० चा ‘इंडियन रिमूव्हल ॲक्ट’ त्याच्याच सहीचा. वर ज्या जमिनीच्या सट्ट्याबद्दल सांगितलं, त्यातली मिसिसिपी आणि अलाबामामधली बरीच जमीन चॉक्टॉ, चिकासॉ आणि क्रीक या मूळ रहिवासी लोकांना हुसकून मिळवलेली होती. शेतकरी, कारागीर आणि मजूर हे नकाराधिकाराच्या संदेशातले शब्द वाचताना ही माणसं त्या यादीत नाहीत, हे विसरता येत नाही.

इंटरनेटवर फिरणारं ‘तुम्ही विषारी सापांचं वारूळ आहात’ हे वाक्य त्याचंच का? आणि बँकवाल्यांनी त्याच्यावर गोळी झाडली होती का?

त्या वाक्याला त्याच्या हयातीतला आधार नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी छापून आलं.

गोळीचं म्हणाल तर ३० जानेवारी १८३५ रोजी कॅपिटॉलच्या बाहेर रिचर्ड लॉरेन्स नावाच्या रंगाऱ्याने जॅक्सनवर दोन पिस्तुलं रोखली. दोन्हींचे बार फुसके गेले आणि सदुसष्ट वर्षांचा अध्यक्ष काठी घेऊन त्याच्या अंगावर धावला. लॉरेन्स स्वतःला इंग्लंडचा राजा समजत होता आणि जॅक्सन गेल्यावर बाजारात पैसा खेळू लागेल असं त्याला वाटत होतं. न्यायालयाने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवून रुग्णालयात ठेवलं. जॅक्सनला शेवटपर्यंत यामागे विरोधकांचा कट वाटत होता. तसा पुरावा मिळाला नाही.

बँकेचं आणि बिडलचं पुढे काय झालं?

बिडलने पेनसिल्व्हेनिया राज्याकडून नवी सनद मिळवली आणि बँक राज्याची म्हणून चालू ठेवली. मग कापसाचे भाव धरून ठेवण्यासाठी तो खरेदीत उतरला. १८३९ मध्ये त्याने पद सोडलं, १८४१ मध्ये बँक बुडाली. फसवणुकीच्या आरोपावरून त्याला अटक झाली, तो सुटला आणि १८४४ मध्ये वारला. जॅक्सन पुढच्या वर्षी गेला. ती संगमरवरी इमारत अजून उभी आहे आणि तिथे जुन्या व्यक्तिचित्रांचं दालन आहे.

त्यानंतर अमेरिकेत मध्यवर्ती बँक कधी आली?

१९१३ मध्ये, फेडरल रिझर्व्ह. मधल्या काळात व्हॅन ब्युरेनने सरकारचा पैसा बँकांत न ठेवता सरकारी तिजोरीतच ठेवण्याची व्यवस्था केली. १८४१ मध्ये व्हिग पक्षाने तिसरी बँक आणायचा प्रयत्न केला, तर त्यांच्याच अध्यक्षाने, जॉन टायलरने, दोनदा नकाराधिकार वापरला. वेबस्टर सोडून सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. यादवी युद्धात राष्ट्रीय बँकांचा कायदा झाला, नोटा एकसारख्या झाल्या, पण संकटात धावून येणारं कोणी नव्हतं. १९०७ च्या घबराटीत ते काम जे. पी. मॉर्गन या खासगी सावकाराने केलं. फेडरल रिझर्व्ह उभारताना एकच मोठी बँक न काढता बारा शहरांत बारा बँका काढल्या आणि त्यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये मंडळ नेमलं, त्यात चेस्टनट स्ट्रीटची धास्ती अजून जिवंत होती.

एवढा नोटांचा तिटकारा असलेल्या माणसाचं चित्र नोटेवर कसं?

१९२८ मध्ये नोटांचा आकार बदलला तेव्हा वीस डॉलरच्या नोटेवर ग्रोव्हर क्लीव्हलँडच्या जागी जॅक्सन आला. त्याआधी तो दहाच्या नोटेवर होता. त्या जागी गेला हॅमिल्टन, म्हणजे पहिल्या बँकेचा जनक. २०१६ मध्ये वीसच्या नोटेच्या पुढच्या बाजूला गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन यांचं चित्र आणून जॅक्सनला मागे नेण्याची घोषणा अर्थखात्याने केली.